जुन्या फोटोंतून समुद्रकाठच्या गावाचा इतिहास कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रकाठच्या गावांचे जुने फोटो, पोस्टकार्डं, काचेच्या प्लेट (म्हणजे काचेवर घेतलेल्या निगेटिव्ह) असं सगळं घेऊन बसणाऱ्या लोकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून काढलंय. माझी स्वतःची सवय आधीच सांगते: फोटोच्या मधोमध काय आहे ते मी सगळ्यात शेवटी बघते. मधलं ते फोटोग्राफरला विकायचं होतं म्हणून आलेलं असतं. गावाची खरी माहिती बहुतेक वेळा कडेला, मागे किंवा फोटोच्या पाठीवर मिळते.

गावाची माहिती दप्तरात असतेच की, मग फोटो कशाला बघायचे?

कारण समुद्रकाठचं गाव एका जागी राहत नाही. आतल्या भागातलं गाव शंभर वर्षांनी बघितलं तर घरं बदललेली दिसतील पण जमीन तीच असते, इथे जमीनच कमी-जास्त होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं डनिच बघा. मध्ययुगात मोठं बंदर होतं ते, समुद्रानं शतकानुशतकं थोडं थोडं करून खाल्लं. तिथलं ऑल सेंट्स चर्च १९०४ च्या सुमारास कड्याच्या टोकाला आलं आणि १९१९ मध्ये त्याचा मनोरा खाली गेला. या मधल्या काळात त्याची पोस्टकार्डं निघत होती, कारण पडत चाललेलं चर्च बघायला लोक यायचे आणि आठवण म्हणून कार्ड न्यायचे. आज ती कार्डं क्रमानं मांडली की चर्च पूर्वेकडून तुकड्या-तुकड्यानं कमी होत गेलेलं दिसतं. मोजमाप करायला म्हणून कोणीच ते फोटो काढले नव्हते, पण कडा कसा मागे सरकला हे त्यात आपोआप उतरलंय.

फोटोवर तारीख नाही, नाव नाही, काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

चित्राकडे बघायच्या आधी वस्तूकडे बघा. फोटो कशावर आहे, कागद की काच की पत्रा?

आरशासारखा चकाकणारा, जरा तिरका धरला की निगेटिव्हसारखा दिसणारा असेल तर तो डॅगेरोटाइप, ती पद्धत १८३९ ला जाहीर झाली आणि साधारण १८५० च्या दशकानंतर मागे पडली. गावाचा असा फोटो हातात आला तर नशीब समजा. काचेवर असेल आणि मागे काळा रंग किंवा काळं कापड लावलेलं असेल तर अँब्रोटाइप. लोहचुंबक चिकटला तर टिनटाइप, म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावरचा. ही पद्धत १८५६ ची, स्वस्त आणि मजबूत, काही मिनिटांत हातात मिळायचा, म्हणून पुळणीवर फिरणाऱ्या फोटोग्राफरांनी ती खूप वर्षं वापरली, अगदी विसाव्या शतकात सुद्धा. त्यामुळे टिनटाइप दिसला म्हणून लगेच १८६० लिहून मोकळं होऊ नका.

पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, उजेडाच्या जागा पिवळट पडलेल्या आणि बाकीचं तपकिरी, असा फोटो बहुतेक अल्ब्युमेन प्रिंट असतो. अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला कागद, १८५० पासून ते १८९० च्या दशकापर्यंत हाच सगळीकडे चालायचा. पुठ्ठा साधारण अडीच बाय चार इंचाचा असेल तर ते कार्ट दे व्हिजिट, त्याचं पेटंट १८५४ चं पण धूम चालली १८६० च्या दशकात. त्याहून मोठं, सव्वाचार बाय साडेसहा इंचाचं असेल तर कॅबिनेट कार्ड, ते १८६६ नंतरचं. गोल फोटो मिळाला, अडीच इंच व्यासाचा, तर तो पहिल्या कोडॅकचा असू शकतो. तो कॅमेरा १८८८ चा, त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच यायचा आणि तो संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे परत पाठवायचा. गावाच्या इतिहासासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण इथून पुढे समुद्रावर फिरायला आलेली साधी माणसं स्वतः फोटो काढायला लागली आणि १९०० ला १ डॉलरचा ब्राउनी आल्यावर तर मुलं पण काढायला लागली.

अजून एक सोपी चाचणी. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे आणि ते फोटोच्या कागदात १९५० च्या आसपास यायला लागलं. म्हणजे चित्र १८८० चं असलं तरी हातातला प्रिंट नंतर काढलेला आहे.

पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूवरून तारीख कळते म्हणतात, खरंय का?

बऱ्यापैकी. आधी नियम असा होता की मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा, मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूलाच जी जागा उरेल तिथे. म्हणून जुन्या कार्डांवर समुद्राच्या चित्राखाली पांढरी पट्टी सोडलेली असते आणि त्यात बारीक अक्षरात खुशाली लिहिलेली असते. मागच्या बाजूचे दोन भाग करायला ब्रिटनमध्ये १९०२ ला परवानगी मिळाली, जर्मनीत १९०५ ला, अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून. तुमच्या कार्डामागे मधोमध रेघ असेल तर ते त्या त्या देशातल्या या तारखेनंतर छापलेलं.

पण इथे एक घोळ होतो आणि तो मी स्वतः केलाय. पोस्टाचा शिक्का १९१२ चा होता म्हणून मी एका धक्क्याचा फोटो १९१२ चा धरला आणि त्यावरून पुढचं सगळं रचत गेले, नंतर दुसऱ्या कार्डाशी ताडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की चित्र कमीत कमी दहा वर्षं जुनं होतं. प्रकाशक एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरायचे. शिक्का एवढंच सांगतो की फोटो त्या दिवसाच्या आधीचा आहे. किती आधीचा, ते चित्रातून काढायचं.

मग चित्रातून काढायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

दोन टोकं शोधायची. फोटोतली सगळ्यात नवीन वस्तू सांगते की फोटो कधीच्या आधीचा असू शकत नाही, आणि नंतर नाहीशी झालेली वस्तू अजून उभी दिसते ती सांगते की कधीच्या नंतरचा असू शकत नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनचं उदाहरण यासाठी फार छान आहे. तिथला चेन पिअर, म्हणजे साखळ्यांवर तोललेला समुद्रात गेलेला लांब धक्का, १८२३ ला सुरू झाला आणि ४ डिसेंबर १८९६ च्या वादळात गेला. त्याच्या जवळच पॅलेस पिअरचं बांधकाम १८९१ ला सुरू झालं आणि तो १८९९ ला उघडला. आता एखाद्या फोटोत जुना चेन पिअर उभा आहे आणि शेजारी नव्या पिअरचे लोखंडी खांब अर्धवट दिसतायत, तर फोटो १८९१ ते १८९६ मधला, एकही कागद न उघडता. ब्लॅकपूलचा टॉवर तसाच, तो १८९४ ला लोकांसाठी उघडला, त्यामुळे पूर्ण टॉवर दिसत असेल तर त्याआधीचा फोटो असूच शकत नाही.

प्रत्येक गावात अशा चार-पाच खुणा असतातच: दीपगृह, पाण्याची टाकी, ट्रामचे रूळ, विजेचे दिवे, तारेचे खांब, एखाद्या हॉटेलचा वाढवलेला मजला. त्यांच्या तारखांचा एक तक्ता करून भिंतीवर लावा, तक्ता भरत गेला की तारीख लावणं हळूहळू सोपं होत जातं. कपड्यांवरून पण अंदाज येतो, बायकांचे प्रचंड घेराचे झगे १८५० च्या दशकाच्या शेवटापासून १८६० च्या दशकापर्यंत, खांद्यापाशी फुगलेल्या बाह्या १८९० च्या दशकाच्या मध्यावर. फक्त कपड्यांवर फार भरवसा ठेवू नका, म्हाताऱ्या बायका वीस वर्षांपूर्वीच्या कपड्यात असतात आणि मासेमारी करणाऱ्यांचे कपडे फॅशनप्रमाणे बदलतच नाहीत.

फोटोत समुद्र धुक्यासारखा का दिसतो, आणि भर दिवसा रस्ते रिकामे कसे?

रस्ते रिकामे नव्हते. काचेची प्लेट उघडी ठेवायला वेळ लागायचा, कधी काही सेकंद, कधी त्याहून बराच जास्त. तेवढ्यात लाटा एकमेकीत मिसळून दुधाळ थर होतो, चालणारी माणसं पुसली जातात आणि जी स्थिर बसलीयत तीच उरतात. भिंग घेऊन बघा, कुठेतरी पायांची अस्पष्ट सावली किंवा नुसती चाकं सापडतील. नांगरलेल्या होड्यांच्या डोलकाठ्या दोन-दोन दिसतात, त्या पाण्यावर हलत होत्या म्हणून. जमिनीवर टेकलेली होडी मात्र धारदार दिसते, म्हणजे त्या वेळी ओहोटी होती हे पण कळलं.

१८५१ ला आलेली ओल्या कोलोडियनची पद्धत फोटोग्राफरला अजून अडकवून ठेवायची. काचेवर थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा, सगळं काही मिनिटांत. म्हणजे काळोखा तंबू बरोबर न्यायचा, रसायनं, काचा, पाणी, आणि वर समुद्राचा वारा नि वाळू. म्हणून तुम्हाला एकाच गावाचे एकाच जागेवरून घेतलेले फोटो परत परत दिसतात. जिथे गाडी जायची आणि तंबू उभा राहायचा तिथूनच गाव दिसतं. खाजणाकडची बाजू, मासे वाळवायची जागा, मजुरांची घरं यांचे फोटो १८७० च्या दशकाच्या शेवटाला आधीच थर दिलेल्या कोरड्या प्लेट बाजारात यायच्या आधी कमी मिळतात त्याचं हे एक कारण आहे.

आणि आकाश कोरं पांढरं का?

त्या प्लेटना निळा उजेड फार लवकर लागायचा, लाल जवळजवळ लागायचाच नाही. त्यामुळे आकाश जळून पांढरं होतं, तांबड्या रंगाच्या वस्तू काळ्या होतात. होड्यांची शिडं टिकावीत म्हणून ती काथाच्या पाण्यात बुडवायचे, तो तांबूस तपकिरी रंग फोटोत एकदम काळपट येतो. म्हणून काळं शीड दिसलं म्हणून ती शोकाची किंवा वेगळ्या कुठल्या प्रकारची होडी समजू नका.

ढग छान आलेत असा जुना समुद्राचा फोटो दिसला तर जरा थांबा. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमारास काढलेले समुद्राचे फोटो गाजले, त्यातल्या काहींत समुद्राची निगेटिव्ह एक आणि आकाशाची दुसरी, दोन्ही क्षितिजावर जोडलेल्या. तेच ढग त्यानं दुसऱ्या फोटोतही वापरले. फोटो म्हणून ते अप्रतिमच आहेत, मला फार आवडतात. फक्त त्यावरून त्या दिवशीचं हवामान सांगू नका.

माझ्या फोटोत दीपगृह चुकीच्या बाजूला आहे, गाव दुसरंच आहे का?

आधी बघा फोटो उलटा तर नाही ना. डॅगेरोटाइप आणि टिनटाइप साधारणपणे आरशासारखे उलटेच येतात. काचेची निगेटिव्ह छापताना चुकून उलटी ठेवली तरी तेच होतं, आणि पुस्तकांत पण असे फोटो छापलेले आहेत. पाट्यांवरची अक्षरं, होडीवरचे नंबर, पुरुषांच्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत, हे बघितलं की पाच मिनिटांत उलगडतं.

जुन्या फोटोत पाणी रस्त्याला लागलेलं दिसतंय आणि आता एवढी रुंद पुळण आहे (किंवा उलट). याचा अर्थ काय लावायचा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आधी साधी कारणं वगळा. एक, भरती-ओहोटी. उतरत्या किनाऱ्यावर सहा तासांत पाणी शेकडो मीटर मागे-पुढे होतं, त्यामुळे भरतीचा जुना फोटो आणि ओहोटीचा नवा फोटो शेजारी ठेवून समुद्र मागे गेला म्हणणं काही खरं नाही. दोन, ऋतू. खवळलेल्या समुद्राच्या महिन्यांत लाटा वाळू ओढून आत नेतात आणि शांत महिन्यांत परत आणून टाकतात, म्हणून एकाच वर्षात पुळण अरुंद आणि रुंद दोन्ही दिसते. ओल्या वाळूची रेघ, शेवाळ, खडकावरच्या कालवांचा पट्टा, यावरून त्या वेळी पाणी कुठवर चढायचं ते कळतं. तो पट्टा पाण्याच्या त्या क्षणाच्या रेषेपेक्षा जास्त भरवशाचा.

ही दोन कारणं वगळून पण फरक उरला तर मग खरी गोष्ट सुरू होते, आणि बहुतेक वेळा त्यात माणसाचा हात असतो. चेन्नईत १८७६ ला बंदराचं काम सुरू झालं, समुद्रात भिंती गेल्या. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकूण दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते, ती बंदराच्या भिंतीला अडली, दक्षिणेला साठत गेली आणि आज दिसणारी मरीनाची रुंद पुळण तयार झाली. उत्तरेला वाळू पोचेना, तिथला किनारा खचायला लागला. म्हणजे बंदराच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो एकाच शहराच्या दोन बाजूंना अगदी उलट गोष्ट दाखवतात, एकच बाजू बघून निष्कर्ष काढला तर फसाल.

हॉलसँड्सची गोष्ट तर वाचूनच वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावरची मासेमारी करणाऱ्यांची वस्ती, घरं अगदी पाण्याजवळ आणि समोर गोट्यांची रुंद पुळण. १८९७ पासून प्लिमथच्या गोदीच्या बांधकामासाठी तिथल्या समुद्रातून गोटे उपसायला लागले. पुळणीची पातळी भराभर खाली गेली, गावकऱ्यांनी विरोध केला, १९०२ ला उपसा थांबला पण गेलेले गोटे परत आले नाहीत. २६ जानेवारी १९१७ ला उधाणाची भरती आणि पूर्वेचा वारा एकदम आले आणि एक घर सोडलं तर राहण्यासारखं काही उरलं नाही. तिथल्या जुन्या फोटोंत लोकांच्या दाराशी पुळण दिसते, नंतरच्या फोटोंत त्याच दाराखाली उघडा खडक आणि संरक्षक भिंत. तुमच्याकडे असे दोन फोटो असतील तर दारं, पायऱ्या, भिंतीतले दगड असं काहीतरी स्थिर धरून वाळूची उंची मोजा. माणूस उभा असेल तर त्याची उंची मोजपट्टी म्हणून वापरता येते.

रंगीत जुनी पोस्टकार्डं किती खरी मानायची?

आकारापुरती खरी, रंगापुरती नाही. १८८० च्या दशकात झुरिकमध्ये फोटोक्रोम पद्धत निघाली, मूळ निगेटिव्ह काळीपांढरीच आणि रंग दगडी छपाईनं एकावर एक चढवलेले. रंग देणारा माणूस कधी त्या गावी गेलेला असेलच असं नाही. त्यामुळे घराचं छप्पर लाल होतं असं अशा कार्डावरून लिहू नका. शिवाय प्रकाशक बिनधास्त बदल करायचे: तारेचे खांब खोडायचे, रिकाम्या समुद्रात होडी चिकटवायची, दिवसाच्या फोटोला गडद निळा रंग देऊन वर चंद्र काढायचा आणि खिडक्यांत पिवळा उजेड भरायचा. ओळखायचं कसं, तर त्याच जागेची साधी काळीपांढरी प्रत शोधा आणि लोकांच्या जागा जुळतात का बघा. रात्रीच्या कार्डात आणि दिवसाच्या कार्डात तीच बाई त्याच कुत्र्याबरोबर तिथेच उभी असेल तर कळलं.

सगळ्या फोटोंत सुट्टीवर आलेले लोकच दिसतात. गावातली माणसं कुठे आहेत?

आहेत, पण कडेला. रेल्वे आली की गाव पाहुण्यांसाठी सजायला लागतं, ब्रायटनला लंडनहून रेल्वे १८४१ ला आली, ब्लॅकपूलला १८४६ ला, आणि १८७१ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेच्या सुट्ट्या मिळाल्या तशी एका दिवसासाठी येणाऱ्यांची गर्दी अजून वाढली. फोटो त्यांनाच विकायचे म्हणून फोटोत तेच. आता त्याच फोटोंचे कोपरे मोठे करून बघा. जाळी दुरुस्त करणारा म्हातारा, गाढवं घेऊन उभा असलेला पोरगा, कपडे धुवून वाळत घालणाऱ्या बायका, मागे उलट्या करून ठेवलेल्या होड्या. यांच्यासाठी कोणी फोटो काढलेला नाही, म्हणूनच ते बघताना मला जास्त आपलेपणा वाटतो.

काही फोटोग्राफर मात्र मुद्दाम त्यांच्याकडे वळले. फ्रँक मेडो सटक्लिफ इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबीत राहिला, तिथल्या मच्छीमारांना ओळखत होता आणि धक्क्यावरच्या रोजच्या कामाचे त्याचे फोटो आजही त्या गावाचा सगळ्यात जिवंत पुरावा आहेत. पॉल मार्टिननं १८९२ ला ग्रेट यार्मथच्या वाळूवर लपवलेला कॅमेरा घेऊन फोटो काढले, त्यात लोक अवघडून उभे नाहीत, लोळतायत, झोपलेत, एकमेकांच्या गळ्यात पडलेत.

होड्यांवरची अक्षरं तर सोडूच नका. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्यानंतर मासेमारीच्या होडीवर बंदराची अक्षरं आणि नंबर आले: डब्ल्यूवाय म्हणजे व्हिटबी, वायएच म्हणजे यार्मथ, एलटी म्हणजे लोस्टॉफ्ट, पीझेड म्हणजे पेन्झन्स, बीएफ म्हणजे बॅन्फ. यार्मथच्या धक्क्यावर बीएफच्या होड्या दिसल्या तर ती स्कॉटलंडची मंडळी, शरद ऋतूत हेरिंग माशांच्या मागे दक्षिणेला आलेली. त्यांच्या मागोमाग बायका रेल्वेनं यायच्या, तिघींची टोळी, दोघी मासे चिरणार आणि एक पिंपात मीठ घालून रचणार. बोटं कापू नयेत म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या, त्या फोटोत स्पष्ट दिसतात. आणि काम नसेल तेव्हा उभ्या उभ्या, चालता चालता विणकाम. हा सगळा व्यवसाय आता संपलाय आणि त्या बायकांचे हात कसे चालायचे ते बघायला फोटोच उरलेत.

फोटोतल्या चाकांवरच्या लाकडी खोल्या कसल्या?

बाथिंग मशिन. आत कपडे बदलायचे, घोडा ती खोली पाण्यात न्यायचा आणि कोणाला न दिसता पाण्यात उतरायचं. एकत्र पोहायला मोकळीक मिळाली तशा त्या गेल्या, पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमध्ये जवळजवळ संपल्याच. काहींची चाकं काढून पुळणीवर झोपड्या म्हणून ठेवल्या. म्हणजे चाकं असलेल्या आणि नसलेल्या खोल्यांवरून पण काळाचा अंदाज येतो.

१९४० ते १९४५ चे फोटोच मिळत नाहीत, हरवले का?

ब्रिटनच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर त्या वर्षांत पुळणी बंद होत्या, काटेरी तारा लावलेल्या, किनाऱ्यावर फोटो काढायला बंदी. शत्रूला उतरता येऊ नये म्हणून कित्येक पिअर मधूनच तोडले होते. मधे खिंडार असलेला पिअर दिसला तर तो बहुतेक याच काळातला किंवा लगेच नंतरचा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळासाठी विमानातून काढलेले फोटो बघा, १९१९ ला एरोफिल्म्स नावाची कंपनी निघाली, तिचे १९५३ पर्यंतचे हजारो फोटो ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ या संग्रहात आहेत आणि किनाऱ्याची अख्खी रेघ एका नजरेत दिसते.

वादळात गेलेल्या गावाचा इतिहास फोटोंवरून परत उभा करता येतो का?

बराचसा येतो. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला ८ सप्टेंबर १९०० ला वादळ आलं, हजारो माणसं गेली, साधारण आठ हजार हा आकडा बहुतेक ठिकाणी दिला जातो. नंतर तिथे समुद्रभिंत बांधली, साधारण १७ फूट उंच, आणि मग भिंतीमागचं शहरच वर उचललं. दोन हजारांहून जास्त इमारती जॅकवर चढवून खाली वाळू नि पाणी पंपानं भरलं. त्या कामाचे फोटो आहेत, घरं खांबांवर तोललेली आणि लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करतायत. अशा गावात एकाच दाराचे १८९५ आणि १९१० चे फोटो ताडताना लक्षात ठेवा की जमिनीचीच पातळी बदललीय.

धनुष्कोडीचं तसं झालं नाही, १९६४ च्या डिसेंबरात २२-२३ तारखेच्या रात्री चक्रीवादळात ते गाव गेलं, एक पॅसेंजर ट्रेन प्रवाशांसकट गेली, आणि नंतर गाव परत वसवलंच नाही. चर्चच्या भिंती उभ्या आहेत. अशा ठिकाणचा १९६४ आधीचा घरगुती फोटो कोणाकडे असेल, लग्नाचा, शाळेचा, स्टेशनवर उभं राहून काढलेला, तर मागची भिंत सुद्धा जपून बघा.

स्कॅन कसे करायचे? आणि एआय वापरून साफ केले तर चालतील का?

साध्या प्रिंटला ६०० डीपीआय, छोट्या कार्डाला १२००, आणि फोटो काळापांढरा असला तरी रंगीत मोडमध्येच, कारण कागदाचा पिवळेपणा आणि शाईचा रंग पण माहितीच असते. टिफ फाइल ठेवा, जेपीजी नुसती पाठवापाठवीला. मागची बाजू स्कॅन करायची म्हणजे करायचीच, कोरी असली तरी.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शेअर करायला एखादी वेगळी प्रत बनवा, पण त्यावरून काही वाचू नका. ते सॉफ्टवेअर अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी दुसराच चेहरा बसवतं, होडीवरच्या पुसट नंबराचे भलतेच आकडे करतं आणि ते इतकं खरं वाटतं की पुढच्या माणसाला शंकाच येत नाही. मूळ स्कॅन कायम शेजारी ठेवा.

मूळ फोटो जपायचे कसे, समुद्राजवळ तर सगळ्याला बुरशी लागते?

दमट हवाच मोठी शत्रू आहे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, शक्य तेवढी कोरडी आणि एकसारख्या तापमानाची जागा निवडा. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं चालतात, पीव्हीसीची नकोत. चिकट पानांचे अल्बम आणि सेलोटेप दोन्ही फोटो खराब करतात. काचेच्या प्लेट उभ्या ठेवायच्या, आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात. १९५० च्या आसपासपर्यंतच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात, त्या पटकन पेट घेतात, तशी शंका आली तर घरात साठवू नका, जवळच्या पुराभिलेखागाराशी बोला. व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेट फिल्म खराब व्हायला लागलीय, तिचं स्कॅनिंग आधी उरका.

हे फोटो नेटवर टाकले तर कॉपीराइटचं काय?

प्रिंट तुमच्या मालकीचा म्हणजे हक्क तुमचा असं नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूनंतर ६० वर्षं, अमेरिकेत जुन्या प्रकाशित फोटोंना प्रकाशनापासून ९५ वर्षं. जुन्या फोटोंना कधी जुने नियम लागतात, म्हणून टाकण्याआधी त्या देशाचा नियम बघून घ्या.

त्याच जागेवरून आजचा फोटो काढायचाय, जागा तंतोतंत कशी सापडते?

फोटोत एक जवळची आणि एक लांबची अशा दोन न हललेल्या वस्तू निवडा, समजा भिंतीचा कोपरा आणि मागचं दीपगृह. जुन्या फोटोत त्या एकमेकींच्या जेवढ्या डावी-उजवीकडे दिसतात तेवढ्याच दिसेपर्यंत तुम्ही सरकत राहायचं. अशा दोन जोड्या जुळल्या की जागा मिळाली, मग पुढे-मागे होऊन आकार जुळवायचा नाही, झूमनं जुळवायचा, पुढे गेलात की जोड्या परत बिघडतात. फोन वर तिरका करू नका, इमारती आत झुकतात, जुन्या कॅमेऱ्यांत लेन्सच वर सरकवता यायची म्हणून त्यांच्या भिंती सरळ दिसतात. भरतीचं वेळापत्रक बघून पाणी त्याच पातळीला असेल अशी वेळ निवडा, सावल्यांवरून तास पण जुळवता येतो. कधी कधी तीच जागा आता पाण्यात असते. तेव्हा मी धक्क्याच्या टोकावरून दिसेल तेवढं घेते आणि खाली लिहून ठेवते की मूळ कॅमेरा इथून एवढ्या अंतरावर, आज जिथे लाट फुटते तिथे होता.